नावाची राणी आणि आसनाची राणी : बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या सार्वजनिक भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समाजमनात 'राणी' या शब्दाभोवती आदराचे एक दाट वलय आहे. महाराणी ताराबाई, पुण्यश्लोक अहिल्याबाई, झाशीची राणी लक्ष्मीबाई यांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो, गौरवग्रंथ काढतो आणि महाविद्यालयांतून व्याख्याने आयोजित करतो. या गौरवपर लेखनाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यात एक प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. राणीने जे लोककार्य केले ते कोणत्या अधिकाराने केले? तो अधिकार तिच्या पदाचा होता, की पतीच्या वा पुत्राच्या मर्जीतून तिला मिळालेली ती सवलत होती? हा भेद लक्षात घेतला नाही तर कर्तृत्वाचे वर्णन होते, मूल्यमापन मात्र होत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न बडोदा संस्थानच्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या संदर्भात विचारला आहे. ही निवड सहेतुक आहे. त्या परंपरेने आलेल्या राजपदावर होत्या आणि त्याच वेळी आधुनिक अर्थाने सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या स्त्री होत्या. त्यांनी ग्रंथ लिहिला, संस्थांना आधार दिला आणि अखिल भारतीय पातळीवरील स्त्री-परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या काळातच आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, लाबोत्सिबेनी नावाची राजमाता राज्यकारभार पाहत होती. दोघीही ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखाली आणि आपापल्या परंपरेच्या चौकटीत काम करीत होत्या. त्यांच्या स्थितीची तुलना केल्यास चिमणाबाईंच्या कार्याची थोरवी आणि मर्यादा या दोन्ही बाबी अधिक स्पष्ट होतात.

एक नाव, दोन राण्या

बडोद्यात जाणाऱ्या अभ्यासकाचा पहिला गोंधळ नावापासूनच सुरू होतो. रावपुरा भागातील चिमणाबाई टॉवर १८९६ साली उभा राहिला. परंतु तो ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या चिमणाबाई प्रस्तुत लेखाचा विषय नाहीत. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची पहिली पत्नी तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई. विवाहानंतर त्यांचे नाव चिमणाबाई झाले. त्यांच्या निधनानंतर १८८५ मध्ये महाराजांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी झाला आणि त्यांनाही चिमणाबाई हेच नाव देण्यात आले.

विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची रूढी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. येथे मात्र दिवंगत पत्नीचेच नाव नव्या वधूला मिळाले. म्हणजे हे नाव व्यक्तीचे न राहता स्थानाचे झाले. जगातील अनेक राजपरंपरांत राणीला असे पदनाम असते. स्वाझी परंपरेत राजमातेला 'न्द्लोवुकाती' म्हणजे हत्तीण म्हणतात आणि राजाला सिंह म्हणतात. घानातील असांते लोकांत राजमातेला 'असांतेहेमा' म्हणतात. या पदनामांना ठरलेले अधिकार आणि ठरलेली कर्तव्ये जोडलेली आहेत. बडोद्यात नाव एकीकडून दुसरीकडे गेले, परंतु त्या नावाबरोबर कोणताही लिखित वा रूढ राजकीय अधिकार गेला नाही. चिमणाबाईंच्या सार्वजनिक जीवनाचे सारे सामर्थ्य आणि सारे दौर्बल्य या एका वस्तुस्थितीत सामावलेले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१९११ चा ग्रंथ : स्वरूप आणि मर्यादा

बडोदा हे सुधारणांच्या बाबतीत अग्रेसर संस्थान होते. अमरेली भागात १८९३ पासून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू करण्यात आला. मुलींचाही त्यात समावेश होता. बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९०४ मध्ये आणि हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये झाला. या वातावरणात चिमणाबाईंची वैचारिक जडणघडण झाली. महाराजांबरोबर त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपान या देशांचा प्रवास केला. पडद्याची रूढी त्यांनी टप्प्याटप्प्याने बाजूला सारली.

या अनुभवांचे फलित म्हणजे सिद्धमोहन मित्र यांच्या सहकार्याने लिहिलेला 'द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ' हा १९११ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ होय. परदेशांतील स्त्रीसंस्था कशा चालतात, स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात आणि त्यातील काय आपल्याकडे आणता येईल, हा ग्रंथाचा मुख्य विषय आहे. घरगुती उद्योग, शेती व शेतीपूरक व्यवसाय, सहकारी तत्त्वावरील संघटन अशा विषयांना त्यात स्थान आहे. त्या काळातील स्त्रीविषयक लेखन प्रामुख्याने सती, वैधव्य, केशवपन, बालविवाह या प्रश्नांभोवती फिरत होते. चिमणाबाईंनी चर्चेचा रोख उपजीविकेकडे वळविला. स्त्रीच्या स्थितीचा प्रश्न तिच्या कमाईच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, ही जाणीव या ग्रंथात आहे आणि तेच त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा भाषेची. १९११ च्या जनगणनेनुसार भारतातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. त्या अल्पसंख्य साक्षर स्त्रियांतही इंग्रजी वाचू शकणाऱ्या किती असतील, याची कल्पना सहज करता येते. ग्रंथ भारतीय स्त्रीविषयी होता, परंतु त्याचा वाचक इंग्रजी जाणणारा प्रतिष्ठित वर्ग होता. सुमारे तीन दशके आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' मराठीत लिहिली होती. त्यांच्यापाशी राजपद नव्हते, प्रवासाचा अनुभव नव्हता आणि सहलेखकाचे साहाय्यही नव्हते. मात्र आपण कोणाशी बोलत आहोत आणि कोणाला जाब विचारीत आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. चिमणाबाईंच्या ग्रंथात योजना आहेत, माहिती आहे, जाब मात्र नाही. स्त्रीची दुःस्थिती कोणामुळे झाली या प्रश्नापेक्षा ती कशी सुधारता येईल या प्रश्नावर त्यांचा भर आहे. राजसिंहासनाशेजारी बसून लिहिणाऱ्या व्यक्तीची ही मर्यादा समजण्यासारखी असली तरी ती मर्यादाच आहे.

दुसरी मर्यादा घरगुती उद्योगांच्या कल्पनेत आहे. घराबाहेर न पडता स्त्रीला चार पैसे मिळावेत, हा त्या काळात पुरोगामी विचार होता. आज भिवंडीत बसून हा विचार वाचताना त्याचे दुसरे अंग दिसते. आमच्या शहरातील यंत्रमागांच्या आधाराने असंख्य स्त्रियांनी घरबसल्या कांड्या भरण्याची, धागे कापण्याची कामे केली आहेत. मजुरी कामाच्या नगावर मिळते, हजेरीपटावर नाव नसते आणि घरातलेच काम म्हणून त्याची गणना श्रमात होत नाही. घर आणि कारखाना यांतील भिंत नाहीशी झाली की स्त्रीचे काम वाढते, तिचा हक्क मात्र आपोआप वाढत नाही. मजुरीचा दर कोण ठरवतो, हा प्रश्न उद्योगाच्या कल्पनेइतकाच महत्त्वाचा आहे. ग्रंथातील सहकारी संघटनाचा विचार या दिशेने जाणारा आहे आणि म्हणूनच त्यातील तो भाग आजही वाचनीय ठरतो.

राजवाड्याचा उंबरठा

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षाने या विचारांची कसोटी घेतली. चिमणाबाईंची कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. वर वयाने बराच मोठा होता आणि त्याची पहिली पत्नी हयात होती. ग्वाल्हेर दरबारात पडद्याची प्रथा कडक होती. म्हणजे स्त्रीस्थितीवर ग्रंथ लिहिणाऱ्या आईची, उच्चशिक्षित आणि मोकळ्या वातावरणात वाढलेली मुलगी सवत म्हणून पडद्यात जाणार होती. इंदिराराजेंनी स्वतःच ग्वाल्हेरला कळवून हा संबंध मोडला. पुढे कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी त्यांनी विवाह करण्याचे ठरविले. आईवडिलांचा त्यास विरोध होता. १९१३ साली लंडनमध्ये तो विवाह झाला, तेव्हा ते दोघेही उपस्थित नव्हते. इंदिराराजेंच्या कन्या गायत्रीदेवी यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हा कौटुंबिक इतिहास सांगितला आहे.

या प्रसंगावरून चिमणाबाईंना दांभिक ठरविणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. संस्थानी विवाह हे दोन राज्यांतील संबंध असत आणि ते मोडण्याचे परिणाम केवळ कुटुंबापुरते नसत. शिवाय डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला अभिवादन करताना अनादर केला असा गवगवा होऊन बडोदे आधीच ब्रिटिशांच्या रोषास पात्र झाले होते. असे असले तरी समीक्षकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ग्रंथात ज्या स्वावलंबी स्त्रीची अपेक्षा केली होती ती प्रत्यक्षात घरातच उभी राहिली तेव्हा तिला ओळखणे आईला जड गेले. मुलीने आईचा ग्रंथ आईपेक्षा अधिक शब्दशः वाचला, असे म्हणता येईल. सुधारणेचा अधिकार राणीपदामुळे मिळत होता आणि राणीपद कुळाच्या प्रतिष्ठेवर उभे होते. त्यामुळे सुधारणा कुळाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबली.

पुणे, १९२७

चिमणाबाईंच्या सार्वजनिक जीवनाचा उत्कर्षबिंदू म्हणजे जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेली अखिल भारतीय महिला परिषद. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने ती भरली आणि शैक्षणिक सुधारणा हा तिचा मुख्य विषय होता. अध्यक्षस्थानी चिमणाबाई होत्या. १९२८ साली दिल्लीच्या अधिवेशनात भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ आणि पुढील वर्षी पाटण्याच्या अधिवेशनात मंडीच्या राणी अध्यक्ष झाल्या. चौथ्या अधिवेशनाच्या अध्यक्ष सरोजिनी नायडू होत्या. म्हणजे पहिल्या तिन्ही अध्यक्ष राजघराण्यांतील होत्या आणि त्यानंतर हे स्थान लोकचळवळीतून पुढे आलेल्या स्त्रीकडे गेले.

या क्रमाचा अर्थ काय? नव्या संस्थेला आरंभी प्रतिष्ठेची गरज असते आणि ती प्रतिष्ठा राण्यांच्या नावाने मिळाली. सनातनी घरांतील स्त्रियांना सभेला जाण्यास परवानगी मिळणे त्यामुळे सोपे झाले असणार. महाराणी स्वतः व्यासपीठावर बसतात हे पाहिल्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध काहीसा बोथट होतो. राणीच्या नावाने दार उघडले आणि त्या दारातून इतर स्त्रिया आत आल्या. चिमणाबाईंचे ऐतिहासिक कार्य या ठिकाणी निर्विवाद आहे. त्या स्वतः चळवळ नव्हत्या, परंतु चळवळीला लागणारी पहिली अनुज्ञा त्यांनी आपल्या नावाने मिळवून दिली.

लाबोत्सिबेनी : आसनाचा अधिकार

आता स्वाझी राजमातेचे उदाहरण पाहू. लाबोत्सिबेनी या राजा म्बांद्झेनी यांच्या पत्नी. पती १८८९ मध्ये आणि राजपदावर आलेला पुत्र १८९९ मध्ये मरण पावला. नातू सोभूझा तेव्हा काही महिन्यांचा होता. तेव्हापासून १९२१ पर्यंत त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून राज्य सांभाळले. त्या निरक्षर होत्या. परंतु नातवाच्या शिक्षणासाठी त्यांनी झोम्बोद्झे येथे शाळा काढविली आणि पुढे त्याला दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेल येथे पाठविले. १९०७ च्या घोषणेने स्वाझी लोकांकडे देशाच्या सुमारे एकतृतीयांशच भूमी राहिली, तेव्हा त्यांनी लोकवर्गणीतून आणि खाणींत काम करणाऱ्या तरुणांच्या कमाईतून जमीन परत विकत घेण्यासाठी निधी उभारला.

हे कार्य केवळ व्यक्तिगत धैर्याचे फळ नव्हते. हिल्डा कूपर यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रसिद्ध मानववंशशास्त्रीय ग्रंथात स्वाझी राज्यव्यवस्थेचे जे वर्णन केले आहे त्यानुसार राजा आणि राजमाता ही सत्तेची दोन केंद्रे आहेत. राजमातेचे स्वतंत्र निवासस्थान असते, ते राष्ट्राच्या विधींचे केंद्र असते आणि राजाने मर्यादा ओलांडल्यास त्याला जाहीरपणे सुनावण्याचा तिला हक्क असतो. असांते परंपरेत तर रिकाम्या सिंहासनासाठी उमेदवार सुचविण्याचा हक्क राजमातेचाच आहे. १९०० साली ब्रिटिशांविरुद्धच्या असांते युद्धाचे नेतृत्व करणाऱ्या या असांतेवा याही एजिसू येथील राजमाताच होत्या. या स्त्रियांचा शब्द चालत असे, कारण तो पदाचा शब्द होता.

अर्थात या व्यवस्थेला आदर्श मानण्याची घाई करू नये. २०१८ पासून एस्वातिनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देशात १९७३ साली राजकीय पक्षांवर बंदी आली आणि राजमातेचे आसन कायम असूनही राजसत्ता अनियंत्रितच राहिली. आसन असणे पुरेसे नसते, त्या आसनाला प्रजेच्या संमतीचीही जोड लागते.

जमनाबाईंचा अपवाद

मराठी परंपरेत असे आसन नव्हतेच, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. याचे प्रमाण बडोद्यातच आहे. सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव. मल्हारराव गायकवाड यांना १८७५ मध्ये पदच्युत केल्यावर, खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी त्याच वर्षी ब्रिटिशांच्या संमतीने त्यांना दत्तक घेतले. म्हणजे आधुनिक बडोद्याचा निर्माता राजा एका राणीच्या दत्तकाधिकारातून सिंहासनावर आला. असांतेहेमाच्या अधिकाराशी याचे साम्य उघड आहे.

तथापि भेदही तितकाच मूलगामी आहे. आपल्याकडे राणीचा अधिकार उघडतो तो पती नसताना, पुत्र नसताना आणि सिंहासन रिकामे असताना. ताराबाईंचा कारभार पतिनिधनानंतर सुरू झाला, अहिल्याबाईंचा पती, सासरे आणि पुत्र यांच्या निधनानंतर. सौभाग्यवती राणीला सन्मान मिळतो, विधवा राणीला प्रसंगी सत्ता मिळते. चिमणाबाई १९३९ पर्यंत सौभाग्यवती होत्या आणि त्यानंतर सज्ञान नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांच्या वाट्याला जमनाबाईंचा क्षण कधीच आला नाही. १९४३ साली प्रतापसिंहरावांनी पहिली पत्नी असताना दुसरा विवाह केला तेव्हा आजी हयात होत्या, परंतु राजाला जाहीरपणे सुनावण्याचा हक्क देणारे न्द्लोवुकातीसारखे आसन बडोद्यात नव्हते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ साली चिमणाबाई निवर्तल्या.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, चिमणाबाईंनी स्त्रीप्रश्नाला उपजीविकेच्या प्रश्नाशी जोडले आणि स्त्री-संघटनेला आरंभीची प्रतिष्ठा मिळवून दिली. हे त्यांचे कार्य टिकणारे आहे. दुसरा, त्यांचा अधिकार नावाचा होता, आसनाचा नव्हता. त्यामुळे जेथे सुधारणा आणि कुळाची प्रतिष्ठा यांचा संघर्ष झाला तेथे त्यांची भूमिका डळमळीत झाली. तिसरा निष्कर्ष असा की, परंपरा आणि आधुनिकता यांचा मेळ घालणारी राणी असे जे वर्णन आपण सहजपणे करतो, ते वर्णन त्या मेळाची किंमत कोणी मोजली हे सांगत नाही. बडोद्यात ती किंमत काही अंशी एका मुलीने मोजली.

हा केवळ इतिहासाचा विषय नाही. घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर आले. तरीही सही बाईंची आणि निर्णय साहेबांचा, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. आज आपण स्त्रियांना आसन दिले आहे, परंतु अनेक ठिकाणी ते नावाचेच राहिले आहे. बडोद्याच्या राणीपाशी नाव होते आणि आसन नव्हते. आजच्या नगरसेविकेपाशी कायद्याने दिलेले आसन आहे. तिच्यासमोरचे काम चिमणाबाईंच्या कामाहून वेगळे आहे आणि कदाचित अधिक सोपेही आहे, कारण तिने मागायची गोष्ट सवलत नसून तिच्याच हक्काची आहे. महिला दिनाच्या व्यासपीठावर राण्यांच्या तसबिरींना हार घालताना आपण विद्यार्थिनींना एवढा एक भेद समजावून सांगितला, तरी त्या गौरवाचे सार्थक होईल.